सरपंचाची चोच

हंबीरराव गेले त्या वर्षी सरपंचाची चोच वाढायला लागली.

सरपंच म्हणजे अंबूबाईंचा पोपट. चौदा वर्षांपूर्वी कोडोलीच्या रस्त्याकडेचं शिरीषाचं झाड पाडलं, तेव्हा ढोलीतून तीन पिल्लं खाली पडली. दोन तिथंच मेली. तिसऱ्याचा पंख मोडला होता. अंबूबाईंचे यजमान हंबीरराव ते टोपीत घालून घरी घेऊन आले. पंख वाकडाच जुळला, त्यामुळं त्याला कधी उडता आलं नाही. पण तोंड भारी. दारात कुणी आलं की पिंजऱ्याच्या गजाला चोच लावून "कोण हाय? कोण हाय?" म्हणून ओरडायचा आणि उत्तर मिळेस्तवर थांबायचा नाही. म्हणून हंबीररावांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं.

हंबीरराव अचानक गेले. मुलगी तेजस्वी लग्न होऊन पुण्याला. तीन खोल्यांच्या घरात उरल्या अंबूबाई आणि सरपंच. दुपारचं एकटीनं जेवण जाईना, म्हणून अंबूबाई पिंजरा ताटाशेजारी घेऊन बसायच्या. तूप लावलेली चपाती, चहात बुडवलेलं बिस्कीट, सूर्यफुलाच्या बिया, तो मागेल ते द्यायच्या. त्यानं मान वेळावून खाल्लं की त्यांनाही दोन घास जायचे.

वर्षभरात त्याची वरची चोच विळ्यासारखी वाकून गळ्याला टेकायला लागली. शेंगदाणा फुटेना. जिभेनं नुसता फिरवायचा आणि टाकून द्यायचा. एक दिवस अंबूबाईंनी मनाचा हिय्या करून त्याला फडक्यात धरलं आणि नेलकटर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि रक्त आलं. हळद दाबली तरी थांबेना. त्यांनी विश्वजितला फोन लावला.

विश्वजित त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर-जाऊ गारगोटीला राहायचे. पण पोराचं शिक्षण कोडोलीशेजारच्या वारणानगरला व्हावं म्हणून पाचवी ते बारावी तो अंबूबाईंकडंच होता. आठ वर्षं त्याचा डबा त्यांनी केला, त्याच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही केली, तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हा हंबीररावांच्या मारातून त्याला वाचवलं. तो त्यांना थोरली आई म्हणायचा. आता कोल्हापुरात, राजारामपुरीत त्याचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना होता.

"थोरल्या आई, रडू नको," तो फोनवर म्हणाला. "कणीक हाय न्हवं घरात? चिमूटभर घे, चोचीच्या टोकाला दाब अन् सोडू नको. रक्त थांबलं की पिंजरा घे अन् एसटीत बस. मी हितंच हाय."

पिंजऱ्यावर जुनी चादर टाकून अंबूबाई कोल्हापूरला पोचल्या. विश्वजितनं सरपंचाला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दिव्यासमोर धरलं. उजेडात चोचीच्या आत एक तांबूस रेघ दिसली.

"ही बघ, शीर. तू हिच्यावर कटर चालवलास. चोच म्हणजे नख न्हाय, आत जीव असतो तिच्यात. चोच कापायची नसती, घासायची असती. तीही थोडी थोडी." त्यानं छोट्या मशीनवर टोक अलगद घासून दिलं. मग सरपंचाचं पोट बोटांनी चाचपलं आणि त्याचा चेहरा बदलला. "ह्याला काय खायाला घालतीस?"

अंबूबाईंनी सांगितलं. तो कपाळाला हात लावून हसला.

"चोच वाढती हे वरचं दुखणं. खरं दुखणं पोटात हाय. लिव्हर सुजलंय त्याचं. तूप न्हाय, बिस्कीट न्हाय, चहा तर अजिबात न्हाय. सूर्यफुलाच्या बिया बंद. मोड आलेले मूग, गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला, पेरूची फोड. अन् चावायला पेरूची वाळकी फांदी टाक पिंजऱ्यात. समुद्रफेसाचा पांढरा तुकडा लटकव, पाखरांच्या दुकानात मिळतो. तो आपला आपण चोच झिजवंल."

निघताना अंबूबाईंनी मनातलं विचारलं. "विशू, पोपट पाळायला बंदी हाय म्हणत्यात. तेजस्वी म्हणत होती."

"बंदी हाय की," तो हात धूत म्हणाला. "पण उडता न येणारं पाखरू तू सोडणार कुठं? मांजर खाईल त्याला. तू घोर लावून घेऊ नको. कुणी विचारलंच तर मी हाय की."

अंबूबाईंनी ते शब्द धरून ठेवले. त्यानंतरची पाच वर्षं त्या तीन-चार महिन्यांनी एकदा कोल्हापूरला जायच्या. सुरुवातीला सरपंचानं मुगाची वाटी उलटी केली, चार दिवस रुसला. अंबूबाईंनीही मग दुपारी तूप सोडलं, त्याच्यासमोर बसून गाजर खाल्लं. हळूहळू त्याच्या पिसांना तकाकी आली. पेरूच्या फांदीचा तो भुगा पाडायचा. बारीक कानस कशी धरायची, चोच कुठवर घासायची, हे विश्वजितनं त्यांना शिकवलं. सरपंच त्यांच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून बसायचा आणि चोच पुढं करायचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर बोट फोडायचा.

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यात अंबूबाई सरपंचाची चोच घासत होत्या तेव्हा विश्वजितनं मोबाईल पुढं केला. तो हल्ली जनावरांच्या काळजीचे व्हिडिओ टाकायचा. लोक बघायचे.

"थोरल्या आई, तुझा चेहरा घेत न्हाय. नुसतं हात. लोकांना कळंल तरी, कसं करायचं ते."

"पण ते बंदीचं..."

"कोण बघतंय गं पोपट कुठला ते?"

महिन्याभरानं तेजस्वीचा पुण्याहून फोन आला. "आई, तुझा सरपंच फेमस झालाय! पाच लाख लोकांनी बघितलाय!" व्हिडिओत अंबूबाईंचे सुरकुतलेले हात होते, सरपंचाची पुढं केलेली चोच होती, आणि मागून विश्वजितचा आवाज होता: "ही माझी थोरली आई. कोडोलीची. पोपटाची चोच कशी राखायची ते हिच्याकडून शिका." अंबूबाईंनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला याला गणती नाही. पोपटासाठी नाही. त्या एका वाक्यासाठी.

पुढच्या आठवड्यात तो व्हिडिओ दिसेनासा झाला. अंबूबाईंना वाटलं, आपल्याच मोबाईलचं काहीतरी बिघडलं. मग एका सोमवारी विश्वजितचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "ह्या आठवड्यात कुठं गावाला जाणार न्हाईस न्हवं?"

"मी कुठं जातो? येतोस व्हय?"

"बघू. सरपंच बरा हाय न्हवं?"

"व्हय. तुझी वाट बघतोय."

तो येणार म्हणून त्यांनी त्याच्या आवडीचं भडंग करून डबा भरला.

बुधवारी सकाळी दारात जीप थांबली. सरपंच ओरडला, "कोण हाय? कोण हाय?" अंबूबाई लगबगीनं बाहेर आल्या तर खाकी कपड्यांतला एक माणूस आणि तशीच एक तरुण मुलगी उभी होती. माणूस वनपाल होता, मुलगी वनरक्षक. पूर्णिमा म्हणून. दोघं नीट बोलले. चप्पल बाहेर काढून आत आले.

"मावशी, हा रानातला पक्षी आहे," वनपाल म्हणाले. "तो घरात ठेवणं गुन्हा आहे. आमच्याकडे तक्रार आलीय, व्हिडिओसकट. पक्षी आम्हाला न्यावा लागेल."

अंबूबाई खाली बसल्या. पंखाची हकीकत सांगितली, शिरीषाचं झाड सांगितलं. मग एकदम त्यांना धीर आला. "मी आमच्या विश्वजितला फोन लावतो. डॉक्टर हाय तो. त्याला समदं म्हाईत हाय."

वनपाल आणि पूर्णिमानं एकमेकांकडं पाहिलं. वनपालांनी फाईल उघडली. "त्यांचाच जबाब आहे आमच्याकडे, मावशी. व्हिडिओवरून आम्ही शनिवारी आधी त्यांच्याकडेच गेलो होतो. पत्ता त्यांनीच दिलाय."

"वाचून दावा."

वनपाल वाचायला लागले, पण दोन ओळींनंतर अंबूबाईंनी हात पुढं केला. त्या सातवी शिकलेल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी कागद स्वतः वाचला.

"सदर महिला तिच्याकडील पोपटाच्या चोचीच्या उपचारासाठी अधूनमधून माझ्या दवाखान्यात येत असे. सदर पक्षी बाळगणे बेकायदेशीर असून तो वनविभागाकडे जमा करावा, अशी समज मी तिला वेळोवेळी दिली होती. परंतु तिने त्याकडे दुर्लक्ष केले. सदर महिलेशी माझा दवाखान्याव्यतिरिक्त कोणताही संबंध नाही."

खाली विश्वजितची सही होती. हंबीररावांचं आणि त्याचं आडनाव एकच. ते आडनाव त्या बराच वेळ बघत राहिल्या. शनिवारी सही केली आणि सोमवारी त्यानं फोन केला. गावाला जाणार नाहीस ना, म्हणून.

"व्हिडिओत तर ते तुम्हाला थोरली आई म्हणाले होते," पूर्णिमा हळूच म्हणाली. "म्हणून साहेब म्हणाले, मावशींना विचारूया तरी."

अंबूबाई उठून आत गेल्या. चुलीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. मग त्यांनी सवयीनं चहा टाकला, भडंगाचा डबा उघडला आणि दोन ताटल्या भरून बाहेर आणून ठेवल्या.

"माझा जबाब घ्या," त्या म्हणाल्या. "मी सांगतो तसं लिवा. विश्वजित माझ्या दिराचा पोरगा हाय. आठ वर्षं माझ्या घरात वाढलाय. बंदी हाय का म्हणून मीच इचारलं, त्यानं घोर करू नको म्हणून सांगितलं. पोपट जमा कर असं तो एकदाबी म्हणाला न्हाय. अन् पोपट मी ठेवला, ती चूक माझी हाय. ह्यात एक अक्षर खोटं न्हाय."

वनपालांनी लिहून कागद पुढं केला. "मावशी, ह्यानं त्यांना त्रास होईल."

"जे हाय ते हाय."

त्यांनी सही केली. मग सरपंचाला स्वतःच्या हातांनी वनविभागाच्या पिंजऱ्यात ठेवलं. तो बाहेर यायला धडपडला, गजाला चोच घासत राहिला. जीप वळली तरी त्याचं "कोण हाय?" ऐकू येत होतं.

संध्याकाळी विश्वजितचा फोन आला.

"थोरल्या आई, हे काय लिवून दिलंस? माझं रजिस्ट्रेशन जाईल!"

"तू काय लिवून दिलंस?"

"अगं, तुला काय करणार होते ते? वय झालेलं, बाईमाणूस. समज देऊन सोडणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तुझ्यावर ढकललं. माझं सगळं आयुष्य हाय त्या दवाखान्यात."

अंबूबाईंचा आवाज चढला नाही. "मग सही करायच्या आधी फोन करून सांगायचास. थोरल्या आई, मी अडचणीत हाय, तू अंगावर घे. मी घेतलं असतं. नातं न्हाय म्हणून सांग म्हणाला असतास, तर तेबी सांगितलं असतं. तुझ्यासाठी मास्तरांपुढं खोटं बोललो, तुझ्या काकापुढं बोललो. हितं बोललो नसतो व्हय? पण तू इचारलं न्हाईस रे. मी पळून जाऊ नये म्हणून चौकशी केलीस."

त्यांनीच फोन ठेवला.

चार दिवसांनी पूर्णिमाचा फोन आला. सरपंच काही खाईना. अंबूबाई मुगाची पुरचुंडी, पेरूची फांदी आणि कानस घेऊन कोल्हापूरला वनविभागाच्या प्राणी उपचार केंद्रावर गेल्या. मोठ्या जाळीच्या खोलीत उडू न शकणारे सात-आठ पोपट होते. सरपंच कोपऱ्यात फुगून बसला होता. अंबूबाई जाळीपाशी बसल्या आणि स्वतः गाजर खायला लागल्या. बऱ्याच वेळानं तो तिरका तिरका चालत आला आणि जाळीतून गाजर ओढलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं. अंबूबाईंनी सरपंचाला मांडीवर घेऊन पूर्णिमाला दाखवलं: अंगठा कुठं ठेवायचा, कानस कुठल्या बाजूनं फिरवायची, शीर कुठं थांबते. "महिन्यातनं एकदा बघ. गळ्याकडं वळली की समज, पोट बिघडलंय. नुसती चोच बघू नको, खाणं बघ." पूर्णिमा वहीत लिहून घेत होती. सरपंचानं तिचं बोट एकदा फोडलं. दुसऱ्यांदा फोडलं नाही.

अंबूबाईंना समज देऊन सोडलं. विश्वजितचा दवाखाना बंद झाला नाही. त्याची चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली. गारगोटीहून जावेचा फोन आला, "घरातलं पोर हुतं, जरा दमानं घ्यायचं." अंबूबाई म्हणाल्या, "मीबी घरातलीच हुतो."

दसऱ्याला तो सोनं द्यायला आला. पाया पडला. अंबूबाईंनी आपट्याची पानं घेतली, चहा दिला, गारगोटीच्या ऊस-पाण्याचं विचारलं, बायको-पोराचं विचारलं. तो ताण सैल झाल्यासारखा हसला आणि जुन्या सवयीनं फळीवरचा डबा काढायला उठला.

"बसा," अंबूबाई म्हणाल्या. "मी देतो काढून."

तो तिथंच थबकला. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याला अहोजाहो करत होत्या. त्यानं "थोरल्या आई" म्हणून हाक मारली. अंबूबाईंनी डब्यातून मूठभर भडंग ताटलीत काढलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि कोल्हापूरच्या गाडीची वेळ सांगितली.