कधीच न चुकणारा गडी

मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये बेरीज करणारा जो चपटा पोरगा राहतो ना, त्याचा मी थोरला काका. जाडजूड, टेबलावर ठाण मांडून बसणारा, जुना कॅल्क्युलेटर. कारखान्यातून बाहेर पडलो त्या दिवशी साहेबांनी माझ्याकडून आभाळातल्या चांदण्या मोजून घेतल्या. एक कमी भरली, तेव्हा आभाळालाच दंड ठोठावला. हे अर्धंच खरं धरा. थापा मारायची खोड मला माझ्या धन्यामुळे लागली.

धनी एका मोठ्या गोदामाचे स्टोअरकीपर होते. खिळ्यांच्या पेट्या, दोरखंड, रंगाचे डबे, काहीही आत आलं की माझी बटणं वाजायची, बाहेर गेलं की पुन्हा वाजायची. रोज सकाळी ते मऊ फडक्याने माझं तोंड पुसत. ट्रकवाला दिसला की त्यांना चेव यायचा.

"सव्वीस वर्षांत हा गडी एकदा चुकला असेल तर मिशी उतरवीन! एकदा तिसऱ्या मजल्यावरून पडला, पण पडता पडता बेरीज पुरी केली पठ्ठ्याने."

"आणि जमिनीवर आपटल्यावर वजाबाकी केली असेल, भाऊ!" हमाल म्हणायचा, आणि सगळं गोदाम हसायचं. मीही आतल्या आत फुगायचो.

खरं सांगायचं तर मी हातातून पडलो होतो. धनी मला तळहातावर उभा करून तोल सांभाळून दाखवत होते, आणि तोल गेला. त्या दिवसापासून माझं आठाचं बटण अधू झालं. अंगठ्याने नेट लावून दाबलं तरच ते लागतं. बोट नुसतं टेकवलं तर आठ उमटतच नाही. चारशे ऐंशी लिहायला जावं, तर निघतात चाळीस. धन्यांना हे ठाऊक होतं. प्रत्येक आकडा ते माझ्या काचेवर डोळे घालून बघत, आणि आठ आला की अंगठा. कुणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ त्यांनी मिशीसारखी जपली.

पुढे ते निवृत्त झाले आणि मी त्यांच्या घरच्या कपाटाच्या खणात गेलो. तिथे सुटी बटणं, तुटका चष्मा आणि मी. वर्षामागून वर्षं गेली. फडकं कुठे गेलं कोण जाणे.

धन्यांची मुलगी, चिमी, धोबीखान्यात इस्त्री करायची. चिमी नुसती नावाची, वय छत्तीस. वाफेने तिच्या मनगटावर डाग पडले होते आणि खोकला छातीत घर करून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वाफेतून बाहेर पडा. औषधाने भागणार नाही आता." म्हणून कामधंदा करणारी मोठी माणसं जिथे शिकतात, त्या सरकारी कॉलेजात तिने हिशेबाच्या शिक्षणासाठी नाव घातलं. सकाळी वर्ग, दुपारी इस्त्री.

"काय हिशेबनीसबाई," धोबीखान्याची मालकीण टोमणा मारायची, "आज शर्ट नावे टाकायचे की जमा?"

"आधी मोजून तर द्या, मालकीणबाई. काल सातांचे सहाच भरले," चिमी म्हणायची. हे ती घरी येऊन सांगायची तेव्हा धन्यांना हसून हसून ठसका लागायचा. मी खणात ऐकत असायचो.

पोरगी खरंच हुशार निघाली. एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात कनिष्ठ कारकुनाची जागा होती. तिथल्या साहेबांनी शब्द दिला होता, पास झालात तर महिनाअखेरपर्यंत थांबतो. शेवटची परीक्षा तेवढी उरली होती.

मित्रांनो, हिशेब शिकणाऱ्यांची एक रीत असते. डोळे कागदावरच्या आकड्यांवर ठेवायचे, आणि बोटांनी न बघता बटणं चालवायची. कॉलेजच्या बाईंनी चिमीची बोटं अशी तयार केली होती, की पाण्यावरून वारा जावा तशी ती बटणांवरून जात. वर्गात कॉलेजचे कॅल्क्युलेटर मिळत. परीक्षेला मात्र ज्याचा त्याने आणायचा होता.

परीक्षेच्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, वाटेत एखादा स्वस्तातला घेते."

"स्वस्तातला? घरात वाघ असताना मांजर विकत घेतेस?" धन्यांनी मला खणातून काढलं, नवी बॅटरी घातली, सदऱ्याच्या टोकाने पुसलं. "घे. सव्वीस वर्षांत चुकला नाही हा."

तिने गंमत म्हणून पाचाला पाचाने गुणून पाहिलं. पंचवीस आले. "वा रे गड्या!" म्हणून ती चपला घालायला वाकली. धन्यांचं तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. आता सांगतील, आत्ता सांगतील. मग ते मिटलं.

"नीट जा, चिमे," एवढंच म्हणाले.

पहिलाच प्रश्न तेरजेचा होता. तेरजेत सगळ्या खात्यांच्या नावे बाजूची बेरीज आणि जमा बाजूची बेरीज सारखी यावी लागते. चिमीची येईना. वरून खाली केली, फरक आला. खालून वर केली, वेगळाच फरक आला. बोट कधी जरा जोरात पडे, कधी हलकं. कुठला आठ लागे, कुठला गळे. तिने एकदाही माझ्या काचेकडे पाहिलं नाही, कारण तिला तसंच शिकवलं होतं. आपणच कुठे चुकलो ते ती शोधत राहिली, एक तास, सव्वा तास. मी ओरडत होतो, मित्रांनो, पण माझ्या घशातून आकड्यांशिवाय काही निघत नाही. तिच्या घामाचे थेंब माझ्यावर पडले. उरलेले प्रश्न कोरेच राहिले.

चार गुणांनी ती नापास झाली. पुढची परीक्षा वर्षाने. दवाखान्याची जागा दुसऱ्याला मिळाली.

निकालाच्या दुपारी ती मला घेऊन स्वयंपाकघरात बसली. उत्तरपत्रिकेची प्रत समोर होती. तिने सावकाश, या वेळी काचेकडे बघत, आठ दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मग सगळा जीव बोटात आणून दाबला, आणि काचेवर आठ उभा राहिला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

बाहेरच्या खोलीतून धन्यांचा आवाज आला. फार बारीक होता तो. "चिमे, काय करतेस गं?"

"काही नाही, बाबा. धूळ पुसतेय."

"गडी... गडी चुकला नाही ना?"

तिने खोकला आवरला. "छे हो, बाबा. तो कुठला चुकतोय? मीच घाबरले."

बाहेर खुर्ची करकरली. दोघांनाही खरं ठाऊक होतं. दोघांनाही वाटत होतं, समोरच्याला ठाऊक नाही. त्या दिवसानंतर धन्यांनी एकही थाप मारली नाही. ते घर किती मुकं झालं, काय सांगू. चिमी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफेत गेली.

मित्रांनो, तुम्ही आपली एखादी लाडकी वस्तू कुणाच्या हाती द्याल, तेव्हा तिची थोरवी जरूर सांगा, चार थापाही मारा. पण तिच्यात काय अधू आहे, ते आधी सांगा. त्याला फार वेळ लागत नाही. पोरगी चपला घालेपर्यंत सांगून होतं.