उताराची गरज

"आजपासून या शहराचा इतिहास पाण्यावर लिहिला जाईल!" नगराध्यक्षांनी तलावाच्या काठावरून जाहीर केलं, आवेशात एक पाऊल पुढं टाकलं आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाऊल परत आलं. चप्पल इतिहासजमा झाली.

कप्तान गंभीर चेहऱ्यानं बघत राहिला. चाळीस वर्षं या तलावात होडी वल्हवल्यामुळं सगळे त्याला कप्तान म्हणत. गेली दोन वर्षं मात्र कप्तान काठावरच होता. होडीपर्यंत तेवीस पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या, कठडा नाही, आणि गुडघ्यांनी केव्हाच हात वर केलेले. सरकारनं सार्वजनिक नौकाविहारासाठी अनुदान काढलं, तेव्हा नगरपालिकेत ओव्हरसीअर असलेल्या त्याच्या लेकीनं पायऱ्यांशेजारी एक उतार मागितला. नियमाप्रमाणं पाहणीच्या दिवशी कामाचा नमुना दाखवायचा होता. नमुन्यासाठी मात्र तरतूद नव्हती. तिनं रिकामी पिंपं एकत्र बांधली आणि कचेरीतली तीन दारं काढून त्यांवर ठोकली. कप्तान त्यांवरून तुरुतुरु उतरून होडीत जाऊन बसलासुद्धा.

पाहणी अधिकारी आले. त्यांनी पायऱ्या वरूनच मोजल्या आणि फाईलवर लिहिलं: 'पायऱ्या उपलब्ध. उताराची गरज नाही.'

लेकीचं तोंड उतरलं. "साहेब, तिसऱ्यांदा अर्ज केलाय. माझ्या बाबांसारखी माणसं पाण्यापर्यंत पोचायची कशी?"

"ताई, जाण्याची सोय आहे, तर पुन्हा कशाला बांधायची?"

"साहेबांचं बरोबर आहे," कप्तान होडीतून म्हणाला. "पण नियमात एक फेरी आहे ना? या, बसा. हिचं काय मनावर घेता, लगेच तोंड पाडते. आईवर गेलीय."

साहेब दारांवरून रुबाबात चालत आले आणि बसले. दहाव्या वल्ह्याला त्यांनी कप्तानाचा गुडघा घट्ट धरला.

"खोल आहे का हो?"

"मध्ये आहे. कडेला नुसता गाळ. हवं तर अध्यक्षांना विचारा."

फेरी झाली. कप्तानानं होडी नेमकी पायऱ्यांना लावली. साहेबांनी पायरीवर पाय ठेवला, पाय सटकला, साहेब जिथून उठले होते तिथंच पुन्हा बसले. दुसऱ्या खेपेला तर उठलेच नाहीत.

"अहो, त्या बाजूनं घ्या ना."

"त्या बाजूला उतार आहे, साहेब. त्याची गरज नाही."

होडी डुलत राहिली. कप्तानाला घाई नव्हती. दोन वर्षांनी पाण्यावर आला होता.

साहेबांनी मांडीवरची फाईल उघडली, कोट चाचपून पेन काढलं. शेवटचा 'नाही' खोडला, 'गरज'च्या आधी 'अत्यंत' घातलं आणि खाली सही ठोकली.

"सही जरा वाकडी आली," ते म्हणाले.

"येऊ द्या साहेब, होडीतली आहे."

साहेब दारांवर सुखरूप उतरले. अध्यक्षांनी एका चपलेवर इतिहास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. लेकीनं बापाकडं बघितलं.

"बाबा, आता रोज ना?"

"दोन वेळा. कठडा डाव्या हाताला घे गं, उजवा गुडघा लबाड आहे."

तेवढ्यात साहेब दारांवरूनच तिच्या कानाशी वाकले. "ताई, जवळपास स्वच्छतागृह आहे का?"

"आहे ना, समोर कचेरीत. फक्त पाच मिनिटं द्या," ती म्हणाली, "आणि त्या मधल्या दारावरून जरा बाजूला व्हा."