वजनाला एक माणूस

सुभाष निकमच्या पोटात दुखायला लागलं ते पाध्यांच्या गाडीची कुईकुई थांबली त्या दिवसापासून. आता बोला! गिऱ्हाइकाची गाडी सुधारली म्हणून मेकॅनिकनं सुतकी चेहरा करून बसावं? पण ती सुधारली होती कान्हा भोईरनं. सगळी गोम तिथंच होती.

त्र्याऐंशी साल. वाशीत इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, आणि तिथलं पहिलं गॅरेज सुभाषचं. जयप्रकाश पाध्ये म्हणजे समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीत गाड्या सहा, आणि पाध्ये जातील तिथं बाकीच्या पाच जायच्या. पाध्यांची फियाट अठरा वर्षांची म्हातारी. खड्ड्यात गेली की पुढून कुईऽऽ करायची आणि ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. सुभाषनं वर्षात दोनदा पुढच्या चाकांच्या आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश बदलले. दोन्ही वेळा तीन-चार महिने बरे गेले आणि पुन्हा तेच रडगाणं. सुभाष म्हणायचा, मार्केटच्या कांद्याच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केलीय, त्याला मी काय करू?

पाध्ये एक दिवस गुपचूप कान्हाकडे गेले. कान्हा गावठाणातला. चार वर्षं सुभाषच्याच हाताखाली काढून त्यानं खाडीच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली होती. ना बोर्ड, ना फोन. आणि पाध्यांची गाडी सहा महिने झाले तरी चूं करेना! एकेक करत सोसायटीच्या पाचही गाड्या तिकडे वळल्या. सुभाषच्या दारात उरले दोन टेम्पो आणि एक स्कूटर.

सुभाष जळत होता अगदी. चहा पिताना कान्हा, जेवताना कान्हा. बायको नंदिनी म्हणाली, अहो, तुमच्याच हाताखालचा माणूस ना, कौतुक करा की. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. एकदा तर पाध्यांना रस्त्यात गाठून, सहज म्हणत, तो गाडीत जाऊन बसला आणि मार्केटच्या रस्त्यावरून चक्कर मारायला लावली. कान टवकारलेले. एक खडखड, एक कुरकुर, काहीतरी सापडू दे देवा, अशी मनात चक्क प्रार्थना! काही नाही. ब्रेकलासुद्धा गाडी सुतासारखी सरळ थांबली. पाध्ये खुशीत म्हणाले, हात चांगला आहे हो पोराचा. सुभाषला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

मग त्याच्या मनानं घेतलं की कान्हा बाहेरून चोरटा माल आणतो. इम्पोर्टेड रबर असणार, दुसरं काय? पकडायचाच, असं ठरवून तो एका सकाळी थेट शेडवर गेला.

शेडमध्ये सोसायटीतल्या अरविंद साठ्यांची फियाट उभी होती. बाकड्यावर बुशचं रिकामं खोकं. सुभाषनं उचलून पाहिलं तर तोच माल, तो स्वतः घ्यायचा त्याच पनवेलच्या दुकानातला. त्याचा चेहरा पडला.

आणि गाडीत हा प्रकार! पुढच्या सीटवर कान्हाची बायको चंदा, मागे आई बायजा मांडीवर मासळीची रिकामी पाटी घेऊन, शेजारी चुलता जानू विडी ओढत. गाडी जॅकवर नव्हती. चारही चाकं दोन फळ्यांवर चढवलेली आणि कान्हा खाली उताणा.

"वरात काढतोस काय रे?" सुभाषनं विचारलं.

कान्हा सरपटत बाहेर आला, हात पुसले, आणि शेठ म्हणून वाकला. मग त्यानं सरळ सांगून टाकलं. चाक लटकत असताना बुशचा बोल्ट आवळला की रबर त्या लटकत्या स्थितीत धरलं जातं. गाडी खाली आली की त्याला पीळ पडतो, आणि तीन महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं टेकवायची, वजनाला माणसं बसवायची, आणि मगच बोल्ट आवळायचा.

सुभाष गेली काही वर्षं जॅकवरच आवळत होता.

"ही अक्कल तुला कोणी शिकवली?" तो खेकसला.

"तुमीच, शेठ. मी नवीन व्हतो तवा. तवा तुमी बी मानसं बसवायचाव. मंग गिऱ्हाईक लय झाला, तुमाला घाई झाली, न् तुमी सोरून दिला." कान्हा खाली बघत होता. "पाध्येकाकांना मी तसा बोललो नाय. रबर खराब निंगाला, इतकाच बोललो."

भांडायला आलेल्या माणसाला भांडायलाही काही उरलं नाही. कान्हा लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं! हे झाकून घेणं सुभाषला सगळ्यात जास्त झोंबलं. मघापर्यंत त्याला कान्हाच्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटत होता, आता त्याच्या स्वभावाचाही वाटायला लागला.

तेवढ्यात बायजानं काच खाली केली. "कान्हा, मागं अजून येक मानूस पायजे ना रं? या पावन्याला बसव की. चांगला जाडा हाय."

कान्हा ओशाळला. "आये, गप. शेठ हायेत ते."

सुभाषनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग दार उघडून तो आत शिरला आणि बायजाच्या पाटीला खेटून बसला. गाडी त्याच्या वजनानं बोटभर खाली गेली. खालून पान्याचा आवाज आला आणि मागोमाग कान्हाचा.

"शेठ, हलू नका."

सुभाष हलला नाही.