बिनकिसमिसची खीर

बायकोला, सिंधूताईला, जाऊन वर्ष झालं, म्हणून देवाजीनं हुडकेश्वरच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. भंतेजी यायचे होते, वंदनेनंतर जेवणं होती. बाकी स्वयंपाक आचाऱ्याकडे होता, पण खीर देवाजीनं स्वतः केली.

सिंधूताईच्या खिरीत पूर्वी किसमिस असायची, मग कधीतरी ती बंद झाली. देवाजी दर बुद्धपौर्णिमेला टोमणा मारायचा, "काहून वं, किसमिस उंदरानं नेली का?"

"इसरली बापा," ती म्हणायची. "गोड तं झाली ना? खा मुकाट्यानं."

यंदा देवाजीनं मूठ भरून किसमिस टाकली. तिच्या नावाची खीर, तिच्यात काही कमी नको.

पहिली वाटी सिंधूताई नेहमी लाहीला द्यायची. लाही म्हणजे पांढरी पामेरियन. मुलीनं, दीक्षानं, मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागल्यावर आईसाठी आणलेली. "हे कुत्रं आहे का पावडर लावायचा फुंदा?" देवाजी तेव्हा म्हणाला होता. सगळा केसांचाच पसारा. भिजली की मांजरीएवढीही उरायची नाही. तिचं सगळं सिंधूताईच बघायची. रोज केस विंचरायची, कानामागच्या गाठी बोटांनी सोडवायची. गळा नाजूक म्हणून पट्टा छातीला बांधायची. दिवाणावरून उडी मारून पाय दुखावू नये म्हणून खाली पाट ठेवायची. लाही साऱ्या गल्लीवर भुंकायची आणि एकाच बाईच्या पायात घोटाळायची. ती बाई गेल्यापासून तिचं खाण्यात लक्ष नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिनं वाटी चाटूनपुसून साफ केली. देवाजीनं तिला आणखी वाढली.

"पाह्य दीक्षा, कशी खाऊन राहिली! आईच्या हातची वाटली असंल तिले."

संध्याकाळी लाहीला उलट्या झाल्या. उन्हाळ्याचं झालं असेल म्हणून देवाजीनं तिला कूलरसमोर ओल्या पोत्यावर निजवलं. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही, लघवीही केली नाही. तेव्हा बापलेक तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर कामिनी लाहीला पिल्लू असल्यापासून तपासायच्या.

"काका, काय खाल्लं हिनं?"

"खीर. घरचीच."

"किसमिस होती?"

"होती ना. भरपूर."

"कुत्र्यांना किसमिस बाधते, काका. किडन्या बंद पडतात. ही तर एवढीशी. मी काकूंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, घरातसुद्धा ठेवू नका म्हणून. बोलल्या नाहीत त्या?"

सिंधू का बोलली नव्हती, ते देवाजीला कळलं. बोलली असती तर तो म्हणाला असता, कुत्र्यापायी माणसांनी किसमिस सोडायची का? मग दर पौर्णिमेला लाहीचा उद्धार झाला असता. ते तिनं स्वतःवर घेतलं आणि हसून विसरभोळी झाली.

बाहेर पायरीवर बसून तो पुटपुटला, "सांगाचं होतं वं मले."

"कोनाशी बोलून राहिले, बाबा?"

"तुह्या आईशी."

दीक्षानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीही रडत होती.

सलाईन लावूनही लघवी झाली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "इथे ठेवली तर प्रयत्न करत राहू. पण खोटी आशा नाही लावत."

"ठेवू ना, बाबा," दीक्षा म्हणाली.

"नाही पोरी. तुही आई दवाखान्यात काचेच्या पलीकडे गेली, मी इकडे उभा राहिलो. हिले घरी नेऊ."

दुखू नये म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. घरी देवाजी जमिनीवर पाय पसरून बसला, लाहीला मांडीवर घेतलं आणि सिंधूताईची फणी मागितली. त्यानं कधी विंचरलं नव्हतं. पहिल्यांदा फणी अडकली, लाहीनं कान हलवला.

"हळू, बाबा. गाठ आधी बोटांनी सोडवा."

त्यानं बोटांनी गाठ सोडवली. मग पाठ, मग पोट. लाहीचा श्वास फणीखाली वरखाली होत होता. दुपार कलताना श्वास थांबला. दीक्षानं तोंडाला ओढणी लावली.

एकच बाजू विंचरून झाली होती. देवाजीनं लाहीला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि कानामागून पुन्हा सुरुवात केली.