घरच्यांचा नंबर शेवटी

बाईंचा टायपिंगचा क्लास बुडाला तेव्हा लोकांना वाटलं, आता या घरी बसतील. बाई घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घड्याळजीच्या दुकानावरची लांबट खोली, भिंतीला लागून बारा मशीनं, आणि शिकायला येणाऱ्या मुली सगळ्या कॉम्प्युटरकडे पळालेल्या. बाईंनी मशीनं भंगारात घातली, खोली झाडून घेतली, आणि त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला गेल्या. संस्था उभी राहिली ती त्या सभेमुळे.

झालं ते असं. सभेला तीस आया, बाप एकही नाही. मुख्याध्यापिकेनं विचारलं, "तुमच्यातर्फे कोण बोलणार?" तीसही जणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या एकुलत्या एका पुरुषाकडे वळल्या. तो बिचारा शिपाई होता. हातात पाण्याचा जग. घाबरून म्हणाला, "मी नुसतं पाणी द्यायला आलोय हो!" हशा पिकला. बाईही पोटभर हसल्या, पण घरी पोचेपर्यंत त्यांचं हसू आटलं होतं. त्या तीस जणींत त्या स्वतःही होत्याच की.

मुलींना तरी चारचौघांत बोलायला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढच्याच शनिवारी चार वाजता खोलीत अकरा मुली जमल्या. बाईंची पद्धत सोपी होती आणि कडक होती. खोलीत हातांची खुर्ची एकच, पूर्वी बाई स्वतः बसायच्या ती. बिस्किटांच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. जिची निघेल तिनं त्या खुर्चीत बसून बैठक चालवायची, आणि पहिली दहा मिनिटं तिला कुणीही मदत करायची नाही. "रडली तर रडू द्या," बाई म्हणायच्या, "रडून झालं की बोलते. दुसरं करण्यासारखं काही उरतच नाही." विषयही खोटे नसायचे. शाळेच्या संडासाला कडी नाही, गल्लीतला दिवा सहा महिने बंद आहे, असले. मुलींनीच अर्ज लिहायचा, मुलींनीच कचेरीत जायचं, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. एकदा साहेब म्हणाले, "उद्या या." मुली तिथंच फरशीवर बसल्या आणि त्यांनी गृहपाठ काढला. चौथं गणित सुटायच्या आत साहेबांना शिक्का सापडला.

या मुलींत बाईंची स्वतःची लेकही होती. वय नऊ. वडील आदल्या वर्षीच गेले होते आणि घरात या दोघीच. लेकीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम तिच्याकडे आलं.

तिसऱ्या शनिवारी बाई जिना चढत होत्या, तर वरच्या पायरीवर दोघी आया बोलत होत्या. "चिठ्ठ्याबिठ्ठ्या सगळं दाखवायला गं. बघ, आज हिचीच पोर बसेल खुर्चीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." बोलणारी बोलून मोकळी झाली, पण बाईंच्या ते जिव्हारी लागलं. वर जाऊन त्यांनी डबा उघडला, लेकीची चिठ्ठी शोधून काढली आणि पर्समध्ये टाकली. आजच्यापुरती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात लेकीनं विचारलं, "माझा नंबर कधी लागणार?"

"आपण घरचे आहोत ना बाळा? पाहुण्यांचं झालं की घरच्यांचं. घरच्यांचा नंबर शेवटी."

पोरीनं मान डोलावली. पण दर वर्षी नव्या मुली यायच्या. पाहुण्यांचं कधी संपलंच नाही, आणि बाई दर शनिवारी साडेतीनला डबा उघडून एक चिठ्ठी काढत राहिल्या. असं दोन वर्षं चाललं. मग एका शनिवारी त्यांनी सगळा डबा पालथा घातला तरी लेकीची चिठ्ठी सापडली नाही. पुढच्या शनिवारीही नव्हती. बाईंना हायसं वाटलं. पोर समंजस आहे, आपसूक समजून गेली, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

समंजस हा शब्द मोठा सोयीचा आहे. ज्याला आपण काही दिलं नाही आणि ज्यानं पुन्हा मागितलंही नाही, त्याला तो चिकटवला की आपण सुटलो. बाईंच्या लेकीला तो सगळ्यांनीच चिकटवला. ती साडेतीनला येऊन कुलूप उघडायची, खुर्च्या मांडायची, जिन्यात चपला ओळीनं लावायची, हजेरीची वही आखायची, बैठक संपली की सगळं आवरून खिडक्या लावायची. मुली तिला किल्ली म्हणायच्या. तिच्यावाचून पान हलत नसे, असं बाई चारचौघांत अभिमानानं सांगत, आणि ते खरंही होतं.

संस्थेचं नाव झालं. खुर्चीत बसून दहाच्या दहा मिनिटं रडलेली एक मुलगी पुढे वकील झाली आणि भल्याभल्यांना कोर्टात रडवू लागली. एक दवाखान्यात मेट्रन झाली, एक नगरपालिकेवर निवडून आली. बाईंचे सत्कार झाले. अशी सतरा वर्षं गेली.

मग बाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला. सौम्यच होता, पण उजवा पाय फरफटू लागला आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. खोलीला अठ्ठावीस पायऱ्या. वकीलबाई संस्थेच्या विश्वस्त होत्या, त्या घरी भेटायला आल्या.

"बाई, महिनाअखेर कुणाचं तरी नाव ठरवायला हवं. नाहीतर एक मोठी संस्था तयार आहे चालवायला घ्यायला. त्यांचा पाच दिवसांचा छापील कोर्स आहे, नेतृत्वाचा. शेवटी सर्टिफिकेट देतात."

"पाच दिवसांत सर्दी बरी होत नाही," बाई म्हणाल्या, "आणि हे पुढारी करणार! काही नको. आपली किल्ली आहे की."

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? घरचीच आहे."

वकीलबाईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या. आपण लेकीच्या हाती संस्था सोपवणार याचा बाईंना इतका आनंद झाला, की संध्याकाळपर्यंत थांबवेना. काठी घेतली आणि त्या लेकीला सांगायला तिच्या कामावर निघाल्या. सतरा वर्षांत एवढी एकच गोष्ट त्यांनी लेकीसाठी राखून ठेवली होती, असं त्यांना वाटत होतं.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे काचेचं काउंटर, आणि मागे पडद्याआड तिची खोली, जिथं भिंगं घासून फ्रेमच्या मापाची करायची. मालकांनी बाईंना खुर्ची दिली आणि त्यांच्याच मनातलं बोलावं तसे बोलू लागले.

"बरं झालं आलात. माझं एक काम करा. मी दुसरं दुकान काढतोय. चार वर्षं तुमच्या मुलीच्या मागे लागलोय, की बाई गं, पुढे ये, दुकान सांभाळ. तर नको म्हणते. तिनं शिकवलेल्या दोन पोरी आज काउंटर चालवताहेत आणि ही आपली मागे काचा घासतेय. तुम्ही एवढ्या पोरींना बोलतं केलंत, हिच्यावर नाही का चालत तुमची मात्रा?" आणि मग बाईंना वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "जन्मापासूनच अबोल असेल म्हणा."

जन्मापासून नव्हती. पाच वर्षांची असताना ती इतकं बोलायची, की तिचे वडील म्हणायचे, हिच्या तोंडाला झाकण कुठल्या दुकानात मिळतं ते बघून येतो. बाईंना ते आत्ता आठवलं. त्या उठून पडद्याआड गेल्या.

घासायच्या चाकावर पाणी ठिबकत होतं. लेकीनं आईला बघून चाक बंद केलं, हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं. "एवढं चालत आलीस? फोन नाही का करायचा?"

बाईंनी सांगायचं ते सांगून टाकलं. वाटेत ठरवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"आई, मला नाही जमणार," लेक म्हणाली.

"अगं, सगळं तर तूच करतेस!"

"करते. पण चार माणसांपुढे उभं राहून अमुक करा म्हणायचं, ते नाही येत मला. घशाशी येतं आणि तिथंच राहतं."

"एकदा खुर्चीत बसलीस की..."

"आई," लेक हळूच म्हणाली, "चिठ्ठ्या मीच लिहायचे ना? बैठक झाल्यावर डब्यात भरून ठेवायचेही मीच. एकतीस लिहिल्या की तीसच सापडायच्या."

बाईंनी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"पहिल्यांदा वाटलं, पडली असेल कुठं. जिन्याच्या तळापर्यंत शोधली मी. मग दर शनिवारी नवीन लिहायला लागले. वाटायचं, एखाद्या शनिवारी तू काढायला विसरशील."

"दोन वर्षं लिहीत होतीस?"

"हो. मग सोडलं."

बाईंना तो शनिवार आठवला, आणि त्या दिवशी आपल्याला हायसं वाटलं होतं हेही आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. "मग भांडली का नाहीस गं माझ्याशी?"

"भांडायचं कसं ते तू शनिवारी चार वाजता शिकवायचीस," लेक म्हणाली. "मी तेव्हा जिन्यात चपला लावत असायचे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोसलं असतं. रागावलेल्या मुलींना कसं सांभाळायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ही पोर तर वाण्याची यादी वाचावी तसं सांगत होती.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"असू दे."

"असू दे म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू?" लेकीनं खरंच विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. मग तीच म्हणाली, "देऊन टाक त्या मोठ्या संस्थेला. मुलींचं अडायला नको. याद्या, वह्या सगळं मी लावून देते. फक्त या शनिवारी मला सुट्टी दे."

माझा नंबर कधी, असं विचारल्यानंतर पहिल्यांदाच ती काहीतरी मागत होती, आणि मागितलं ते इतकंच. बाईंनी मान हलवली. लेकीनं त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत सोडलं आणि ती कामावर परत गेली.

शनिवारी बाईंनी डॉक्टरांचं ऐकलं नाही. तीनलाच जाऊन त्या जिना चढल्या, दर चार पायऱ्यांना कठड्याला टेकत. खुर्च्या मांडायला घेतल्या. सात मांडून झाल्या आणि त्यांना बसावं लागलं. पुढच्या मुलींनी येऊन मांडल्या. जिन्यात चपलांचा ढीग पडला आणि दोन मुली त्यात अडखळल्या.

चिठ्ठी निघाली ती एका तेरा वर्षांच्या, दोन वेण्यांच्या मुलीची. ती खुर्चीत बसली, घसा खाकरून म्हणाली, "बाईंना काहीतरी सांगायचंय असं कळलं. पण आधी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

एक चिमुरडी उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वीच यायला लागली होती. "किल्लीताई का नाही आली? तिनं काम सोडलं?"

"कसलं काम?" बाईंनी विचारलं.

"इथलं. ती इथं कामाला आहे ना?"

मोठ्या मुलींपैकी कुणी तिला दटावेल म्हणून बाईंनी वाट पाहिली. कुणी दटावलं नाही. त्याही बाईंच्या तोंडाकडेच बघत होत्या. खोलीत मला आई म्हणायचं नाही, इतरांसारखं बाईच म्हणायचं, असं त्यांनी लेकीला नवव्या वर्षी बजावलं होतं, आणि तिनं ते एकदाही मोडलं नव्हतं.

"ती माझी मुलगी आहे," बाई म्हणाल्या.

खोलीत कुजबुज झाली. खुर्चीतल्या मुलीनं टेबलावर टिचकी मारून ती थांबवली. मग तिला जे विचारावंसं वाटलं ते तिनं सरळ विचारलं, तसंच तर तिला इथं शिकवलं होतं. "मग त्या कधी या खुर्चीत कशा नाही बसल्या?"

"मी बसू दिलं नाही."

"का?"

बाईंनी तीस तोंडांकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मदतीला कुणी उठलं नाही. बाई रडत होत्या आणि मुली थांबल्या होत्या.

"लोक काय म्हणतील म्हणून," बाई म्हणाल्या.

खुर्चीतल्या मुलीनं वही उघडली. बैठकीत जे जे बोललं जाईल ते लिहून घ्यायचं, असा नियम होता. तिनं तारीख घातली आणि ते वाक्य लिहून घेतलं.