शितोळ्यांचा गडू

दातांचे डॉक्टर बळवंत पोतनीस यांनी चुकीच्या माणसाला शाल पांघरली, हे आता त्यांच्या मोहल्ल्याला, अख्ख्या खासगी बाजाराला ठाऊक आहे. हसणारे हसून घेतात. हसू देत. पुढचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टर सायकलवरून पडले. साधी सायकल नव्हे हं! बारीक चाकांची, वाकड्या हँडलची. ती घरात आली तेव्हा त्यांच्या पत्नी शरयूताईंनी महिनाभर अबोला धरला होता. "पन्नाशी उलटलेल्या माणसाने जंगलात सायकल पिदडायची म्हणजे कमालच झाली," असं त्यांचं ठाम मत. पण डॉक्टर दर रविवारी निघायचेच. घाटीगावच्या पुढे हमरस्ता सोडला की अभयारण्याचा घाट लागतो. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दगडधोंड्यांची दरी. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकावणाऱ्या माणसाला तिथे जरा मोकळा श्वास घेता यायचा.

त्याच घाटात, उतारावर, कड्याला खेटून असलेल्या वळणावर खडी पसरली होती. पुढचं चाक सटकलं आणि डॉक्टर खडकावर आदळले. हेल्मेटची दोन शकलं झाली, खांद्याचं हाड मोडलं, चष्मा दरीत गेला. त्यानंतरचं त्यांना पुसट आठवत होतं. कुणीतरी मान उचलून तोंडाशी गार भांडं धरलं, कसल्याशा कापडाने हात गळ्यात बांधला आणि एका ट्रॅक्टरवाल्याला असं काही दरडावलं की तो मुकाट थांबला. इस्पितळात शुद्धीवर आले, तेव्हा उशाशी फुटकं हेल्मेट होतं आणि एक स्टीलचा गडू. गडूवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'कै. मंदाताई शितोळे यांचे स्मरणार्थ, माधवगंज'.

माधवगंज! घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि या हिंदी मुलखात मजकूर चक्क मराठीत. एवढ्या लांब जंगलात आपलाच माणूस धावून आला, या विचाराने डॉक्टरांना भरून आलं. हाड जुळेपर्यंत भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले. जानेवारी लागताच शाल आणि नारळ घेऊन मंदाताईंच्या मुलाच्या, जगदेवराव शितोळ्यांच्या दारात हजर झाले आणि त्यांना तोंड उघडायची सवड न देता शाल पांघरून मोकळे झाले.

"अहो डॉक्टर, पण मी केलं काय?" जगदेवराव गांगरले.

"जीव वाचवलात माझा! घाटात!"

"घाटात? मला शेजारच्या नई सडकेपर्यंत चालवत नाही, मी घाटात कशाला मरायला जातोय?" जगदेवरावांनी गडू हातात घेऊन उलटासुलटा केला. "हा आईच्या तेराव्याचा. तेव्हा सगळ्यांना वाटले होते. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना... आणि हां, आमच्या दूधवाल्यालाही एक दिला होता. तो त्या घाटाच्या डोक्यावरच्याच वाडीतला, वरच्या पुऱ्याचा. शाल परत देऊ का?"

"राहू द्या, थंडी आहे," म्हणून डॉक्टर ओशाळे होऊन घरी आले.

शरयूताईंनी सगळं ऐकून घेतलं; मुलगी निधी मात्र पोट धरधरून हसली. मग शरयूताई म्हणाल्या, "उद्या रविवारच आहे. गाडी काढा आणि जाऊन या. माणसाचे उपकार असे ठेवू नयेत."

"मी सायकलने जाईन."

खरी गोम इथेच होती. खांदा बरा होऊन महिना झाला होता, तरी डॉक्टर "अजून ठणकतोय" म्हणत घरच्यांसमोर सायकलला हात लावत नव्हते. ठणकत बिणकत काही नव्हतं. दोनदा ते घाटाच्या पायथ्यापर्यंत गेले होते आणि ते वळण नुसतं आठवून परत फिरले होते. घरी पत्ता लागू दिला नव्हता. गाडीने गेलो तर आभार मानून होतील, पण सायकल कायमची दिवाणखान्यात टेकलेली राहील, हे त्यांना पक्कं कळत होतं.

सकाळी शरयूताईंनी गडू घासूनपुसून त्यात बेसनाचे लाडू भरले. जन्मभर लोकांना 'गोड कमी खा' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "रिकामं भांडं परत करतात का कधी?" पाण्याच्या बाटलीच्या जागी गडू बसवून त्यांनी तो जुन्या परकराच्या नाडीने करकचून बांधला.

"बाबा, ये क्या जुगाड है? लोक हसतील ना यार," निधी म्हणाली.

"हसतातच आहेत," डॉक्टर म्हणाले आणि निघाले.

घाट चढताना धाप लागली, पण चढाची भीती कुणाला होती? करधईची झाडं निष्पर्ण उभी होती, खडकांवर कोवळं ऊन आलं होतं. ते वळण आलं तसे डॉक्टर गुपचूप उतरले आणि सायकल ढकलत गेले. बघायला एक नीलगाय तेवढी होती, आणि ती काही खासगी बाजारात सांगायला येणार नव्हती.

वरच्या पुऱ्यात दूधवाल्याचं घर विचारत गेले, तर अंगणात त्याची सून रामश्री चुलीवर तूप कढवत होती. तिची नजर आधी गडूवर गेली.

"अम्मा! लोटा मिल गया!" ती आत बघून ओरडली. "कहा था ना, मैंने नहीं खोया!" मग तिने डॉक्टरांकडे निरखून पाहिलं. "आप वो साइकिल वाले? बच गए?"

डॉक्टरांनी वाटभर भाषण घोकलं होतं. "आपने मेरी..." एवढंच म्हणता आलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते वाकून नमस्कार करू लागले तशी ती दोन पावलं मागे सरली.

"अरे अरे, उमर तो देखो अपनी! पानी ही तो पिलाया था।" मग हसून म्हणाली, "और लोटा आप छोड़ते ही नहीं थे। ऐसा पकड़ा था, मैंने कहा, ले जाने दो।"

तीन महिने त्या गडूपायी ती सासूची बोलणी खात होती. डॉक्टरांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिचे पाय धरावेसे वाटले.

रामश्रीने लाडू परातीत काढले, गडू विसळला, पुसला आणि नुकतं कढलेलं पातळ तूप त्यात काठोकाठ ओतून वर फडकं बांधलं. डॉक्टर नको नको म्हणत राहिले.

"बर्तन कोई खाली लौटाता है क्या?" ती म्हणाली.

शरयूने सकाळी हेच म्हटलं होतं. आपलं माणूस कोण, याचा पत्ता आपण भांड्यावरच्या अक्षरांत शोधत बसलो, असं मनात आलं आणि त्यांनी स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

उतार सुरू झाला. तूप डचमळत होतं. फडक्यातून एक थेंब जरी सांडला तरी तिचे कष्ट वाया, एवढंच डॉक्टरांच्या डोक्यात होतं. एक डोळा रस्त्यावर, एक गडूवर. ब्रेक हलके, हात सैल, सायकल तोलून धरलेली. खडी दिसली की अलगद बाजूने. असं करत करत समोर एकदम सपाट रस्ता आणि पायथ्याचं फाटक आलं. डॉक्टर थांबले. मागे वळून पाहिलं. ते वळण कुठल्या कुठे वर राहिलं होतं. त्यांनी तिथूनच, रस्त्यात उभं राहून, वरच्या पुऱ्याच्या दिशेने हात जोडले.

फोन वाजला. शरयूताई होत्या.

"अहो, कुठवर आलात?"

"खाली आलो."

"वळण?"

तिला सगळं ठाऊक होतं तर! "उतरलो गं," ते म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि गडू? दिलात ना त्यांना?"

"दिला. त्यांच्या सुनेने तूप भरून परत केला."

"बरं," शरयूताई म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी काय भरू त्यात?"