काजळीला नर हवा

गमनाराम रायका आपली शेवटची उंटीण घेऊन जैसलमेरच्या वाळूत पोचला तेव्हा पौष सरत आला होता. वाटेतल्या एकाही गावात तिच्यासाठी नर मिळाला नव्हता. कुठे विकून टाकलेला, कुठे खच्ची करून गाड्याला जुंपलेला. काजळीचं वय झालं होतं. या हिवाळ्यात ती गाभण राहिली नाही तर गमनारामच्या घरातले उंट तिच्याबरोबरच संपणार होते. पार्वतीने खेळता खेळता उंट घडवला आणि तो राखायला शंकराने पहिला रायका घडवला, हे ठीक आहे. पण उंटच उरले नाहीत तर रायक्याने काय करायचं, हे सांगायला देव साफ विसरले.

वाळूत सहलीवाल्यांचे तंबू लागले होते. जातीतलाच सवाराम तिथे लोकांना उंटावरून फिरवायचा. त्याच्या दारात मात्र चक्क एक माजावर आलेला नर बांधलेला. तोंडाला फेस, गळ्याचा लाल फुगा बाहेर लोंबतोय, आणि घशात ताक घुसळल्यासारखा आवाज.

"याला खच्ची नाही केलंस?"

"त्याच्या फेसाचे फोटो काढतात लोक, काका. घरात माझ्यापेक्षा त्याला मान आहे."

"असा नर मी तरुणपणीसुद्धा पाहिला नाही रे."

"मुलीचे बाप तुम्ही, आणि स्वतःच नवरदेवावर भाळलात."

गमनाराम हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. काजळी तर नरासाठी आपणहून खाली बसली. सवारामने दोर सोडला, नर वळला, आणि त्याच्या डाव्या मांडीवरचा डाग गमनारामला दिसला. त्रिशूळ, खालचं टोक वाकडं. डागताना पिल्लू उसळलं होतं, म्हणून वाकडं. तेव्हा काजळी शेजारी उभी राहून हंबरत होती. पुढे पुष्करच्या जत्रेत त्याने ते विकलं. नर विकायचा, मादी कधी विकायची नाही, ही रायक्यांची रीतच.

"धर त्याला," गमनाराम म्हणाला. "हिच्याच पोटचा आहे तो."

सवारामने दोर आवळला. मग हळूच म्हणाला, "काका, या सगळ्या मुलखात दुसरा नर नाही. मी कुठं बोलणार नाही. आणि जनावराला काय कळतंय?"

काजळी मान लांब करून वाट बघत होती. तिला खरंच कळलं नव्हतं.

"जनावराला कळत नाही, म्हणून तर देवानं रायका ठेवला."

त्याने नराच्या डागावरून हात फिरवला. "अंगानं छान भरलास," एवढंच म्हणाला. मग काजळीचा दोर ओढला. ती उठेना. शेवटी सवारामला मागून रेटावं लागलं.

"आता कुठं जाणार, काका?"

"घरी."

आपण काय संपवायला निघालोय हे त्याला पुरतं कळत होतं. मागे नर घुमतच होता. काजळी सारखी थांबून वळत होती, आणि दर वेळी गमनारामलाच तिला ओढून पुढे न्यावं लागत होतं.